मनिषा डोईफोडे आणि एकोणीस मतं

आजच्या या सत्कार आणि निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शिक्षण संस्थेचे संस्थापक, सन्माननीय विठ्ठलरावजी आबुज साहेब. अंबाजोगाईहून मुद्दाम वेळ काढून आलेल्या, मनिषाच्या महाविद्यालयातल्या क्रीडा विभागाच्या प्रियदर्शनी मॅडम. हरणटाकळीचे प्रभारी सरपंच रामहरीजी. ग्रामपंचायतीचे सर्व सन्माननीय सदस्य. आजची सत्कारमूर्ती, कुमारी मनिषा अजिनाथ डोईफोडे. पहिल्या रांगेत बसायला तयार नव्हते म्हणून ज्यांना हाताला धरून बसवावं लागलं ते तिचे वडील अजिनाथराव आणि आई चंद्रभागाबाई. पत्रकार बंधू, माता-भगिनी, आणि आत जागा न मिळाल्यामुळे खिडक्यांचे गज धरून उभे असलेले माझे आजी-माजी विद्यार्थी.

मी सुंदरराव कोरडे. या शाळेत एकतीस वर्षं शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. सहा वर्षांपूर्वी याच सभागृहात माझाही निरोप समारंभ झाला. तेव्हा मला बोलता आलं नव्हतं, आणि ज्यांना मी शिट्टी वाजवून वाजवून छळलं ती मुलं त्याचा आनंद घेत होती. आज मात्र बोलणार आहे.

संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे, 'मनिषाचा क्रीडाप्रवास'. सूत्रसंचालकांनी कानात सांगितलं, सर, फक्त खेळावर बोला. मी प्रयत्न करतो. पण ज्या मुलीचं आयुष्य आपण सगळ्यांनी पाहिलं, तिच्या खेळापाशी थांबायचं म्हणजे नेमकं कुठं थांबायचं?

सुरुवात सांगतो. दोन हजार नऊ साल. जिल्हा क्रीडा कार्यालयात तलवारबाजीच्या साहित्याची एक पेटी पडून होती. चार तलवारी, तीन मास्क. मोठ्या शाळांना क्रिकेट हवं होतं. मी नाही म्हणू शकलो नाही, हा माझा जुना दोष. पेटी एसटीच्या टपावर टाकून आणली. औरंगाबादला दहा दिवसांचं शिबिर केलं आणि तेवढ्या शिदोरीवर मी तलवारबाजीचा प्रशिक्षक झालो. प्रियदर्शनी मॅडम हसताहेत, त्यांना माहीत आहे मला किती येत होतं.

या खेळाचे तीन प्रकार. आम्ही धरला तो इपी. त्यात डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कुठंही टोक लागलं की गुण. जो आधी लावेल त्याचा. चौदा मीटरची पट्टी, मागं सरायला जागा थोडी. नियम सोपा, खेळ अवघड.

मनिषा तेव्हा पाचवीत होती. म्हणजे पटावर पाचवीत होती. दिवाळी झाली की अजिनाथराव आणि चंद्रभागाबाई ऊसतोडीला कर्नाटकात जायचे, आणि लेकरंही गाडीत बसायची. गुढीपाडवा उलटल्यावर परत. निम्मं वर्ष शाळा, निम्मं वर्ष उसाचा फड. पुढं वर्तमानपत्रांनी छापलं, 'कोयत्यापासून तलवारीपर्यंत'. मनिषाला ते कधीच आवडलं नाही. मला म्हणाली होती, "सर, मी कोयता कधी धरलाच न्हाई. मी झोपडीपाशी धाकट्या भावाला सांभाळायची. तसं कावून न्हाई लिहीत?" तसं लिहिलं तर कोण वाचणार?

मुलगी डावखुरी. हात लांब. आणि एक गुण असा की तो शिकवून येत नाही. ती घाई करायची नाही. समोरचा तीनदा धावून आला तरी ही आपली मागं सरतेय, मागं सरतेय, आणि चौथ्यांदा त्याचं मनगट उघडं दिसलं की टोक टेकलेलं. मी हे कुठल्या शिबिरात शिकलो नव्हतो. मी तिचं पाहून इतरांना शिकवायला लागलो.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मी अजिनाथरावांच्या घरी गेलो. म्हणालो, पोरीला इथं ठेवा, माझ्या घरी राहील. अजिनाथराव म्हणाले, "गुर्जी, लेकराला कोण संबाळायचं मंग?" तो धाकट्या भावाचा प्रश्न खरा होता. उत्तर दिलं चंद्रभागाबाईंनी. त्या म्हणाल्या, "मी पाठीला बांधते. ऱ्हाऊ द्या तिला." त्या सहा महिने पाठीला मूल बांधून मोळ्या वाहत राहिल्या. आज सत्कार मनिषाचा आहे, शाल एकच आहे, म्हणून एवढं बोलून ठेवतो.

मनिषा आमच्या घरी सहा हंगाम राहिली. माझी पत्नी भिवराबाई तिची वेणी घालायची. माझा मुलगा प्रविण तिच्याहून चार वर्षांनी मोठा, तो तिला गणित शिकवायचा. तिच्या वह्यांत निम्मी गणितं प्रविणच्या अक्षरात असायची, ती मी शिक्षक असून खपवून घ्यायचो.

मग पदकं यायला लागली. जिल्हा, विभाग, राज्य. बारावीनंतर अंबाजोगाईला मॅडमच्या हाताखाली गेली आणि खऱ्या अर्थानं खेळाडू झाली. तीन वेळा राष्ट्रीय सुवर्ण. पहिल्या वेळचं सांगतो. अंतिम सामना, चौदा-चौदा बरोबरी, एक गुण शिल्लक. आणि मी सभागृहाच्या बाहेर. माझ्या गळ्यात प्रशिक्षकाचं ओळखपत्र नव्हतं, दारावरचा माणूस आत सोडेना. काचेतून मला फक्त समोरच्या मुलीची पाठ दिसत होती. ती पाठ एकदम खाली झुकली. तेवढ्यावरून मी ओळखलं. मनिषा मास्क काढून धावत दाराशी आली, आणि आमच्या दोघांच्या मध्ये काच. ती आतून काही बोलत होती, मला ऐकू येत नव्हतं. मी नुसती मान हलवत राहिलो.

दोनदा ती भारताकडून परदेशात खेळली. पाचपन्नास देशांच्या मुलींत एकदा सतरावी आली. सतरावा नंबर आपल्याकडं कुणी फलकावर लिहीत नाही, पण मला तो तीन सुवर्णांपेक्षा मोठा वाटतो.

इथपर्यंत क्रीडाप्रवास. सूत्रसंचालकांनी चिठ्ठी पाठवलीय, वाचली. अजून थोडं आहे.

एवढ्या मोठ्या खेळाडूला नोकरी मिळायला हवी होती. खेळाडूंच्या राखीव जागेवर तिची निवड झाली होती, यादीत नाव होतं. प्रमाणपत्रांची पडताळणी तेवढी राहिली होती. एका स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर ज्यांची सही होती त्या पदाधिकाऱ्यांचा आपापसात वाद सुरू झाला आणि ती सही ग्राह्य धरायची की नाही हे ठरेना. मी तिच्याबरोबर पाच वेळा पुण्याला गेलो. प्रत्येक वेळी माणसं चांगली भेटली. खुर्ची दिली, पाणी दिलं. कुणीच नाही म्हणालं नाही. फक्त होत नव्हतं. शेवटी यादीची मुदत संपली. पाचव्या खेपेला परत येताना गेवराईला गाडी थांबली, तेव्हा ती म्हणाली, "सर, आता तुमी येऊ नका. मला तुमच्याकडं बघून वाईट वाटतं." मला वाटत होतं मी तिला धीर देतोय.

ती गावात आली, शाळेच्या मैदानावर मुलींना शिकवू लागली. आणि दोन हजार बावीसची निवडणूक लागली. सरपंचपद महिलेसाठी राखीव. थेट गावानं निवडून द्यायचं.

आदरणीय विठ्ठलराव साहेब त्या वेळी स्वतः माझ्या घरी आले. ही त्यांची मोठेपणाची गोष्ट, मी आवर्जून सांगतो. ते म्हणाले, पोरगी गावाची शान आहे, तिला उभी करू, तुम्ही तिला तयार करा. मनिषा तयार नव्हती. मला म्हणाली, "मला यातलं काही कळत न्हाई सर. अन् मला जे सांगतील ते करता येणार न्हाई." मी तिला म्हणालो, "मी हाय ना." तीन शब्द. तिनं त्या तीन शब्दांवर अर्ज भरला.

मतदान डिसेंबरात होतं. निम्मं गाव फडावर. साहेबांनी सात जीपगाड्या कर्नाटकात पाठवल्या. माणसं आणली, जेवू घातलं, मतदान झालं की परत सोडली. अजिनाथराव पहिल्या गाडीतून उतरले आणि लेकीच्या नावासमोरचं बटण दाबून शेवटच्या गाडीनं गेले. मनिषा साडेतीनशे मतांनी आली. गुलाल मी स्वतः उधळला.

पुढचं सगळ्यांनी पाहिलंय. ती रोज दहाला कार्यालयात हजर. आधीच्या बाई सरपंच असताना त्यांचे मालक खुर्चीत बसायचे, आणि आपल्याला त्यात काही गैर वाटत नव्हतं. हिच्या शेजारी कुणी बसू शकलं नाही. रामहरीजी तेव्हा उपसरपंच होते, त्यांना सहीसाठी कागद ठेवून जायची सवय होती. ती कागद वाचायची. पूर्ण वाचायची. रामहरीजी एकदा माझ्याकडं तक्रार घेऊन आले होते, सर, तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, कागद असा वाचत बसलं तर गाव कसं चालायचं? आठवतंय ना रामहरीजी? आपण दोघं हसलो होतो.

आता मी जिथं येतोय तिथं यायचं नव्हतं. पण आता थांबलो तर पुन्हा मला हा माईक मिळणार नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं गावात राहावीत, शाळा बुडू नये, म्हणून हंगामी वसतिगृह असतं. आपल्या गावातही आहे. कोण चालवतं हे मी सांगत नाही, इथं बसलेल्या लहान मुलालाही माहीत आहे. त्या वसतिगृहात मुलं किती, यावर सरकारी अनुदान ठरतं, आणि त्या दाखल्यावर सरपंचाची सही लागते. दोन हजार चोवीसच्या डिसेंबरात कागद आला. मुलं चौऱ्याऐंशी.

मनिषानं सही केली नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वसतिगृहात गेली आणि मुलांना जेवायला ओळीनं बसवलं. एकतीस भरली. हजेरीच्या वहीत एक नाव होतं वैष्णवीचं, मनिषाच्या चुलतबहिणीच्या मुलीचं. वैष्णवी रोज हजर. आणि त्याच सकाळी मनिषा वैष्णवीशी फोनवर बोलली होती. ती फडावर होती, धाकटी बहीण सांभाळत होती.

ती वही घेऊन ती कुठं गेली असेल? माझ्याकडं आली. मी अंगणात बाजेवर बसलो होतो. वही माझ्या मांडीवर ठेवून तिनं विचारलं, "सर, हे अक्षर कुणाचं हाय?"

मी वही पाहिली. पोराला पाटीवर हात धरून अक्षर मी शिकवलंय. त्याचा 'झ' अजून उलटा पडतो. मी म्हणालो, चष्मा घरात राहिलाय, ओळखू येत नाही.

चष्मा माझ्या डोळ्यांवर होता.

तिलाही ते अक्षर ओळखू येत होतंच. त्या अक्षरात तिनं सहा हंगाम गणितं केली होती. मग तिनं मला का विचारलं? मी यावर पुष्कळ विचार केलाय. मला वाटतं, ती मला संधी देत होती. तिनं वही मिटली, भिवराबाईंना हाक मारून पाणी मागितलं, प्यायली आणि गेली. तिनं वरती जो अहवाल पाठवला त्यात मुलांचा आकडा लिहिला. वही कुणी लिहिली ते लिहिलं नाही. शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा मी सांगतोय.

प्रविण मागं दाराशी उभा आहे. त्यानं सकाळी मला विचारलं होतं, बाबा, जायलाच पाहिजे का? प्रविण वाईट मुलगा नाही. सहा वर्षं तो याच संस्थेत बिनमान्यतेचा, म्हणजे सरकारी पगाराविना राबणारा शिक्षक होता, समोर आलेली वही लिहीत होता. नाही कुणाला म्हणायचं हे मी त्याला कधी शिकवलं नाही, कारण मलाच आलं नाही.

अहवाल गेला आणि आठ दिवसांत अविश्वासाचा ठराव आला. कारण काय तर मनमानी कारभार, सदस्यांना विश्वासात न घेणं. अकरापैकी नऊ सदस्य ठरावाच्या बाजूनं. पण सरपंच गावानं निवडलेली, म्हणून कायद्यानं गावाची मंजुरी लागते. विशेष ग्रामसभा, गुप्त मतदान. तारीख पडली, गेल्या वर्षीचा जानेवारी.

जानेवारी. कारखाने पूर्ण जोरात. तिची माणसं तीनशे किलोमीटर लांब. मनिषा तहसीलला गेली, तारीख पुढं ढकलावी म्हणून अर्ज दिला. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, बाई, कायद्यात मुदत ठरलेली आहे, माझ्या हातात काही नाही. आणि ते खरं होतं. या वेळी जीपगाड्या गेल्या नाहीत. तिनं स्वतः फोन लावले. मुकादम माणसं सोडायला तयार नव्हते.

त्याच आठवड्यात साहेब दुसऱ्यांदा माझ्या घरी आले. साहेब, मी काही चुकीचं बोललो तर इथंच थांबवा. तुम्ही मला धमकी दिली नाही, हे मी या सभेला स्पष्ट सांगतो. तुम्ही चहा घेतला. थंडीबद्दल बोललात. निघताना चपला घालता घालता म्हणालात, "कोरडे सर, प्रविणच्या मान्यतेचा प्रस्ताव मी स्वतः घेऊन जाणार हाय. तुमच्या घरची तीन मतं हायेत ना?" मी म्हणालो, हो. तुम्ही बरं म्हणालात आणि गेलात.

तिन्ही मतांचं काय झालं ते सांगतो. प्रविणचं मत प्रविणजवळ, ते मी विचारलं नाही. भिवराबाई म्हणाल्या, "मी पोरीच्या विरोधात टाकणार न्हाई, अन् पोराच्या विरोधात बी टाकणार न्हाई. मला ताप आलाय म्हणून सांगा." त्या घरात गोधडी घेऊन निजल्या. आणि मी गेलो.

याच शाळेच्या मैदानावर रांग होती. ऊन चांगलंच होतं. मनिषा समोर झाडाखाली एकटी बसली होती. मला रांगेत पाहून उठून आली, पाया पडली. म्हणाली, "सर, उन्हात कशाला उभं ऱ्हाता, गुडघा दुखंल." आणि रांगेतल्या लोकांना विनंती करून तिनं मला पुढं नेलं. मी तिच्या हाताला धरून मतदानाच्या खोलीपर्यंत गेलो.

आत कागदावर दोन चौकटी होत्या. ठराव मान्य. ठराव अमान्य. मी शिक्का उचलला आणि 'मान्य'वर मारला.

मला वाटलं होतं कुणीतरी ओरडेल. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. पण ओरडणार कोण? इथल्या निम्म्या लोकांनी तोच शिक्का मारलाय. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी चहा प्यायला आलं होतं. कुणाची सून अंगणवाडीत, कुणाच्या अंगावर मुकादमाची आगाऊ उचल, कुणाचा पोरगा वाळूच्या गाडीवर. मी कुणाला दोष देत नाही. द्यायला मला तोंडच नाही.

चार वाजता दार बंद झालं. पावणेपाचला अजिनाथराव आणि चंद्रभागाबाई आले. मुकादमाशी भांडून, दोन दिवस तीन गाड्या बदलून, शेवटी दिंद्रुडहून मिळेल त्या टेम्पोनं. पायांवर चिखल तसाच वाळलेला. मोजणी सुरू झाली होती. अधिकारी भला माणूस होता, तोही उठून उभा राहिला, पण नियम नियम. अजिनाथराव दाराशी थोडा वेळ उभे राहिले आणि मग माझ्याशेजारी येऊन बसले. मला विचारलं, "गुर्जी, तुमी टाकलं ना?"

मी म्हणालो, "टाकलं."

त्यांनी माझा हात हातात घेतला. अजिनाथराव, तो हात मी तुमच्याकडून लगेच सोडवून घेतला, तुम्हाला कदाचित आठवत नसेल.

निकाल आला. ठरावाच्या बाजूनं सहाशे एक्केचाळीस, विरोधात सहाशे बावीस. एकोणीस मतांनी हरणटाकळीनं आपली सरपंच काढली. चारशेच्या वर माणसं फडावर होती.

माझं एक मत वळलं असतं तरी निकाल बदलला नसता. हा हिशेब मी पुष्कळदा करून पाहिलाय. तो बरोबर आहे आणि त्याचा काही उपयोग नाही.

मनिषानं दुसऱ्या दिवशी किल्ल्या दिल्या. संध्याकाळी आमच्या घरी आली, भिवराबाईंच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. कपाळ गार होतं. तिनं पिठलं-भाकरी खाल्ली, ताट धुतलं. मी तेव्हा सांगायला तोंड उघडलं होतं. म्हणालो, मनिषा, काल मी... तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. म्हणाली, "सर, मी कुणालाच इचारलं न्हाई, अन् इचारणार बी न्हाई. मला या गावात ऱ्हायचंय. काही घरं तरी मला जायला ऱ्हाऊ द्या."

म्हणून मी दीड वर्ष गप्प बसलो. ते तिच्यासाठी होतं की माझ्यासाठी, मला सांगता येत नाही. आता ती गाव सोडून चाललीय. मग आता तरी तिनं खरं काय ते जाणून जावं, असं मला वाटलं. हेही बरोबर की चूक, ते मला कळत नाही.

प्रविणची मान्यता मार्चमध्ये आली. साहेब, तुम्ही शब्द पाळलात. वसतिगृहाची चौकशीही झाली. समिती मे महिन्यात आली. मे महिन्यात हंगामी वसतिगृह बंद असतं. समितीनं कुलूप पाहिलं, पंचनामा केला आणि ती निघून गेली. वैष्णवी याही हंगामात फडावर होती. शाळेच्या पटावर ती आता सहावीत आहे.

मनिषाला गुवाहाटीच्या एका क्रीडा प्रबोधिनीत प्रशिक्षक म्हणून नेमणूक मिळालीय. उद्या सकाळी परळीहून निघणार. प्रियदर्शनी मॅडमनी त्यासाठी धडपड केली, गावानं नाही. बाहेरच्या फलकावर लिहिलंय, 'गावाची कन्या यशाच्या शिखरावर'. फलक छान आहे. मला तो वाचवेना, म्हणून मी मागच्या दारानं आलो.

मनिषा, मी तुला या खेळात आणलं आणि राजकारणातही मीच आणलं. पहिल्यात तू मला पुढं नेलंस. दुसऱ्यात मी तुला पट्टीवर उभं केलं आणि काचेच्या पलीकडंही थांबलो नाही, समोरच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. तुला हे माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही. आत्ता तुझ्या चेहऱ्यावरूनही मला ते कळत नाही. तुझा चेहरा पट्टीवर असतो तसाच आहे.

आता आवरतो. संयोजकांनी मला बोलू दिलं, कुणी माईक बंद केला नाही, अध्यक्ष महोदयांनी संयम दाखवला, त्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. मी दिलेला विषय सोडला, वेळ ओलांडली, शुभप्रसंगी नको ते बोललो, वडीलधाऱ्यांचा मान राखला नाही. भाषणातल्या या सगळ्या चुका सभेनं पोटात घालाव्यात, ही हात जोडून विनंती.

मनिषाकडं मात्र मी माफी मागत नाही. मागितली तर ती सगळ्यांसमोर माफ करून टाकेल, कारण मी तिचा सर आहे आणि तिला दुसरं काही करता येणार नाही. तिच्यावर तेवढी तरी सक्ती माझ्याकडून नको.

उठू नकोस मनिषा. बस. मीच खाली उतरतो.